मागणी पूर्ण

सुशीलचे वडील, लक्ष्मणराव, जव्हार आगारात सत्तावीस वर्षं कंडक्टर होते. मोखाडा, खोडाळा, सूर्यमाळ, या सगळ्या वळणांवर त्यांनी तिकिटं फाडली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी बाजारात कुणी भेटलं की त्यांना नावाआधी त्या माणसाचा थांबा आठवायचा. सुशील त्यांचा एकुलता मुलगा. इंजिनिअर झाला, ठाण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला आणि कोविडनंतर घरूनच काम करायचं म्हणून जव्हारला परत आला तो आलाच. वरच्या खोलीत खिडकीशी टेबल, दोन स्क्रीन आणि आठवड्यातून एकदा ठाण्याची फेरी, असं त्याचं छान चाललं होतं.

जानेवारीत कंपनीला एक काम मिळालं. उन्हाळ्यात ज्या गावांत पाणी आटतं, त्यांनी टँकरची मागणी फोनवरून नोंदवायची. ती मागणी तालुक्याच्या कचेरीत दिसणार आणि पाणी पोहोचलं की मागणी करणाऱ्याच्या फोनवर तसा निरोप येणार. पहिला प्रयोग मोखाडा तालुक्यात करायचा होता. हे ऐकलं तेव्हा सुशील खुर्चीतून उठून खाली आला आणि आईला म्हणाला, "आई, पहिल्यांदा असं काम आलंय की ते काय आहे हे तुला समजावून सांगावं लागणार नाही."

त्याच्या टीमचा प्रमुख होता चैतन्य. चाळिशीचा, हसरा, बोलण्यात पटाईत. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या घरी आजारपण असलं तर स्वतः फोन करून चौकशी करायचा. पहिल्याच मीटिंगमध्ये सुशील त्याला म्हणाला, "कोडला हात लावण्याआधी मला आठ दिवस दे. कुठल्या गावाचे किती पाडे, कुठल्या पाड्यावर टँकर चढतो, नेटवर्क कुठे मिळतं, एवढं लिहून काढतो."

"आठ दिवस?" चैतन्य स्क्रीनवर हसला. "अरे, स्प्रिंट दोन आठवड्यांचा. त्यातले आठ दिवस तू पाडे मोजणार, मग डेमोत मी दाखवू काय?"

"पण एकेका गावात दहा-दहा पाडे आहेत, चैतन्य. एकमेकांपासून तीन-तीन किलोमीटरवर."

"असू देत. आत्ता फक्त गाव घे. पाड्यांचं कार्ड करून बॅकलॉगमध्ये टाक. आधी सगळं ठरवायचं आणि मग बांधायचं, हा झाला वॉटरफॉल. आपण अ‍ॅजाइल आहोत ना?"

आई, अनसूयाबाई, चहा घेऊन वर आल्या होत्या. मीटिंग संपल्यावर त्यांनी विचारलं, "कुठला धबधबा म्हणतोय तो? दाभोशाचा का?"

सुशीलला हसू आलं. मग त्याने समजावलं, की पूर्वी सॉफ्टवेअर बांधताना वर्षभर नुसते आराखडेच चालायचे, त्या पद्धतीला तसं म्हणतात. आता थोडं बांधायचं, वापरणाऱ्यांना दाखवायचं, चुकलं तर सुधारायचं आणि पुढे जायचं, हे अ‍ॅजाइल. पद्धत चांगलीच आहे, असं तो म्हणाला, आणि ते खरंही होतं. पण चैतन्यच्या टीममध्ये त्या पद्धतीचं एवढंच उरलं होतं, की विचार करण्याचं काम समोर आलं की त्याचं एक कार्ड करायचं आणि ते कार्ड शिल्लक कामांच्या यादीत खाली सरकवायचं. दर दोन आठवड्यांनी, एक स्प्रिंट संपला की, काम देणाऱ्यांसाठी डेमो व्हायचा. दिसेल ते आधी, न दिसेल ते पुढच्या वेळी. पाडे दिसत नव्हते.

त्या दिवशी जेवताना लक्ष्मणराव म्हणाले, "सूर्यमाळ म्हणजे काय एक गाव आहे होय? वरचे पाडे वेगळे, दरीच्या अंगाचे वेगळे. काहींना तर आमची गाडी आयुष्यात दिसली नाही. बस माझ्यापाशी तासभर, सगळे सांगतो."

"रविवारी बसू, अण्णा."

रविवारी डेमोची तयारी निघाली. त्याच्या पुढच्या रविवारी काय निघालं ते सुशीलला नंतर आठवेना.

फेब्रुवारीच्या शेवटी एक अडचण आली. चाचणीत एकाच गावातून तीन जणांनी मागणी नोंदवली आणि नकाशावर एका गावाच्या तीन मागण्या दिसू लागल्या. काम देणारी मंडळी म्हणाली, हा आकडा फुगलेला दिसतो. दुसऱ्या दिवशी डेमो होता. चैतन्यने सुशीलला फोन केला. "एक गाव, एक दिवस, एक मागणी. बाकीच्या तिच्यातच मिसळून टाक. गावाला टँकर गेला की सगळ्या एकदम पूर्ण."

"आणि पाड्यांचं काय?"

"पाडे येतील तेव्हा बदलू. आजच्या दिवसात होईल ना?"

झालं. एका दुपारात झालं. लिहिताना सुशीलच्या मनात पाडे होते. कोडमध्ये त्या ओळींच्या वर त्याने स्वतःसाठी टीपही लिहून ठेवली, की पाडे आल्यावर हे बदलणे. डेमोला टाळ्या मिळाल्या. नकाशा बघून कुणीतरी म्हणालं, किती स्वच्छ दिसतोय, आणि सुशीलला त्याचं बरं वाटलं. हे त्याने पुढे कुणापासून लपवलं नाही.

मार्चमध्ये मोखाड्याला एका सभागृहात प्रशिक्षण झालं. ग्रामपंचायतींनी फोन देऊन नेमलेल्या चाळीस-एक स्वयंसेविका आल्या होत्या. फोन कसा धरायचा, गावाचं नाव कसं निवडायचं, मागणी पक्की करायला अंगठ्याचा ठसा कुठे दाबायचा, हे सुशीलने दाखवलं. शेवटी मागच्या रांगेतून पस्तिशीची एक बाई उठली. तिचं नाव रामी. सूर्यमाळच्या हद्दीतल्या खोरपाड्याहून आली होती. तिच्याबरोबर तिची धाकटी जाऊ नवशी होती. नवशी दहावी शिकलेली, म्हणून वाचायला सोबत आणलेली.

"दादा, यात आमचा पाडा कुठं हाय?" रामीने विचारलं.

"पाडे अजून घातलेले नाहीत, ताई. पुढच्या आठवड्यात येतील. तोवर सूर्यमाळ टाका."

"सूर्यमाळ टाकला तर टँकर सूर्यमाळला जाईल ना. आमी पार खाली, दरीचे अंगाला. दीड तासाची वाट."

"तुम्ही टाका तर खरं. खाली शेरा लिहायची जागा आहे, तिथे पाड्याचं नाव लिहा."

नवशी हसली. "शेरा मी लिहीन. हिला निस्ता ठसा दाबायचा म्हाईत."

सगळ्या बायका हसल्या. सुशीलही हसला. शेऱ्याची ती जागा तालुक्याच्या स्क्रीनवर दिसत नव्हती. दिसेल अशी करायची होती. तेही एक कार्ड होतं.

एप्रिल लागला आणि खोरपाड्याची विहीर आटली. रामीचा नवरा कमलेश आणि दीर माघ्या, दोघेही भिवंडीकडे वीटभट्टीवर होते. घरात या दोघी जावा, म्हातारी सासू आणि शेळ्या. पाड्यावर नेटवर्क नाही, म्हणून फोनला रेघा मिळाव्यात यासाठी पाऊण तास चढून टेकाडावर जावं लागे. सोळा एप्रिलला दोघी पहिल्यांदा चढल्या. रामीने ठसा दाबला, नवशीने शेरा लिहिला: खोरपाडा, चौतीस घरं, विहीर कोरडी.

टँकर सूर्यमाळला आला आणि रस्त्याकडच्या विहिरीत रिकामा झाला. गावठाणातल्या लोकांनी पाणी भरलं. तेही तहानलेलेच होते, त्यांचा काही दोष नव्हता. दोन दिवसांनी दोघी पुन्हा टेकाडावर गेल्या तेव्हा फोनवर हिरव्या चौकटीत निरोप आला होता. नवशीने तो मोठ्याने वाचला. मागणी पूर्ण. पाणी पोहोचले.

"कुठं पोचलं?" रामी म्हणाली.

"फोनात पोचलं," नवशी म्हणाली. "आता हंडा फोनाखाली धर."

दोघी हसल्या, आणि पुन्हा मागणी टाकून खाली आल्या. पाड्यावर आधी गंमत झाली. मग गंमत संपली. मग लोक विचारू लागले. रामीने काय चुकीचं दाबलं? हिने आपल्या नावावर पाणी दुसरीकडे तर नाही पाठवलं? हौशी नावाची म्हातारी एकदा तोंडावर म्हणाली, "कागदाचे टायमाला निदान कागद तरी दिसायचा." रामीने सुशीलचा नंबर जपून ठेवला होता. एकदा तिने फोन केला. सुशील मीटिंगमध्ये होता. "ताई, कळवलंय मी वर. पुढच्या आठवड्यात पाडे येतायत," तो म्हणाला. खोटं बोलला नव्हता तो. त्या आठवड्याच्या मीटिंगमध्ये त्याने पाड्यांचं कार्ड खरंच वर सरकवलं होतं. पण काम देणाऱ्यांना महिन्याचा अहवाल रंगीत हवा होता, म्हणून चैतन्यने ते परत खाली नेलं. सुशीलने एकदा विरोध केला. दुसऱ्यांदा केला नाही.

मे महिन्यात खोरपाड्याच्या बायका दरीतल्या झऱ्याच्या विहिरीवर जाऊ लागल्या. ती खोल, कडा दगडांच्या, तळाशी गुडघाभर गढूळ पाणी. एकीने आत उतरायचं, वाटीने हंडा भरायचा, वरच्यांनी दोराने ओढायचा. बायकांनी पाळी लावून घेतली होती. दहा मेच्या सकाळी पाळी रामीची होती. आदल्या दिवशी ती अकराव्यांदा टेकाड चढून आली होती आणि तिचा गुडघा सुजला होता. नवशी म्हणाली, "तू दोर धर. मी उतरते."

अर्ध्यावर पायाखालचा दगड निसटला.

वर दोर धरून रामी होती. दोर नवशीच्या कमरेला नव्हता, हंड्याला होता. बायकांनी आरडाओरडा केला, दोघी खाली उतरल्या, पण डोकं दगडावर आपटलं होतं. झोळी करून तिला वर आणलं, रस्त्यापर्यंत नेलं. रस्ता दिसायच्या आधीच ती गेली. पंचवीस वर्षांची होती.

सुशीलला ही बातमी लक्ष्मणरावांकडून कळली. आगारातल्या एका जुन्या सहकाऱ्याने त्यांना फोन केला होता. ते जिना चढून वर आले, दाराशी थांबले आणि म्हणाले, "सूर्यमाळकडच्या खोरपाड्यावर एक बाई विहिरीत पडून गेली. तुमच्यात आहे का रे तो पाडा?"

सुशीलने रामीचा नंबर टाकून नोंदी उघडल्या. अकरा मागण्या. अकराही हिरव्या. प्रत्येकीच्या शेऱ्यात नवशीने लिहिलेलं होतं. पहिल्या दोन-तीन ठिकाणी खोरपाडा, चौतीस घरं, विहीर कोरडी. मग नुसतंच खोरपाडा, खोरपाडा. आठव्या शेऱ्यात लिहिलं होतं, सर, सूर्यमाळला नाही, खाली या. शेवटच्यात होतं, कोणी वाचतं का.

त्याने शेरे पुन्हा वाचले. वडील अजून दारातच उभे होते.

"अण्णा," तो म्हणाला, "बसा. पाडे सांगा."

लक्ष्मणराव खुर्ची ओढून बसले. मोखाड्यापासून सुरुवात करून ते एकेक थांबा आणि थांब्याच्या आतला एकेक पाडा सांगत गेले, सुशील उतरवत गेला. सारं मिळून पन्नास मिनिटं लागली. मग त्याने एकत्र मिसळण्याचा नियम काढला, गावाखाली पाडे जोडले आणि शेऱ्याची जागा तालुक्याच्या स्क्रीनवर आणली. दुपारच्या जेवणाआधी सगळं झालं होतं. जानेवारीपासून जे पुढच्या आठवड्यात होणार होतं, ते अर्ध्या दिवसाचं होतं. तो टेबलाशी बसून ढसाढसा रडला. लक्ष्मणरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. ते खिडकीबाहेर बघत बसून राहिले.

सोमवारी टीमची मागे वळून पाहण्याची मीटिंग होती. काय चांगलं झालं, काय सुधारता येईल, असे दोन रकाने आणि त्यात प्रत्येकाने रंगीत चिठ्ठ्या डकवायच्या. चैतन्यचा चेहरा उतरलेला होता. बातमी ऐकून तो खरंच हादरला होता. तो म्हणाला, "सुशीलने बदल फार झपाट्याने केला, त्याचं कौतुक. हाच आपल्या पद्धतीचा फायदा. फीडबॅक आला, आपण लगेच बदललो."

"फीडबॅक अकरा वेळा आला होता," सुशील म्हणाला. "आणि त्याआधी ट्रेनिंगच्या दिवशी एकदा, माझ्या तोंडावर."

त्याने एक कोरी चिठ्ठी उघडली.

"तिचं नाव नवशी. कुठल्या रकान्यात लावू?"

"सुशील, प्लीज," चैतन्य म्हणाला. "मीही माणूस आहे रे. पण टँकर आपण चालवत नाही. विहीर आपण खोदलेली नाही. सगळं आपल्यावर घेऊ नकोस."

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. म्हणूनच सुशीलला तिथे बसवेना. त्याने लॅपटॉप मिटला.

नवशीचे दिवस झाल्यावर, तेराव्या दिवशी, तो मोटारसायकल घेऊन निघाला. पोशेरा गेलं, मोखाडा गेलं. सूर्यमाळला गाडी लावून तो दीड तास पायी उतरला. रामी म्हणाली होती तेवढाच वेळ लागला.

घरापुढे पुरुष बसले होते. भट्टीवरून आलेले कमलेश आणि माघ्या त्यांत होते. रामी आत होती. आदल्या महिन्यात झालेली कुजबुज आता उघड झाली होती. फोनात पाणी आलं म्हणून हिनेच सांगितलं, पाळी हिची होती, दोर हिच्या हातात होता. माघ्याने भावजयीशी बोलणं टाकलं होतं. तिच्या हातचं जेवतही नव्हता, शेजारी जेवत होता.

रामीने बाहेर येऊन सुशीलला पाण्याचा तांब्या दिला. हंड्यात बुडवताना तांब्या तळाला घासल्याचा आवाज त्याने बाहेरूनच ऐकला होता. नको म्हणणं शक्य नव्हतं. त्याने दोन घोट घेतले.

मग तो सगळ्यांसमोर उभं राहून म्हणाला, "रामीताईंनी काही चुकीचं दाबलं नाही. अकरा वेळा बरोबर मागणी टाकली. गावात टँकर आला की पाड्याची मागणीही पूर्ण दिसायची. तसं मी केलं होतं. सूर्यमाळ टाका, असंही त्यांना मीच सांगितलं होतं. चूक माझी आहे."

माघ्या म्हणाला, "दादा, तुमाला ठाव होता का, आमचा पाडा हाय म्हणून?"

सुशीलला वाटलं, तो रागावेल, अंगावर येईल. पण माघ्याने अगदी हळू विचारलं होतं. जणू त्याला एवढंच जाणून घ्यायचं होतं.

"होतं," सुशील म्हणाला.

माघ्याने मान हलवली आणि तो उठून शेळ्यांकडे गेला.

सुशील निघाला तेव्हा रामी मागून आली. "दादा, तुमी बोललात ते लिहून द्या. तुमी जाल. उद्याला ही माणसं म्हणतील, असा कोणी बोललाच नाय."

घरात नवशीची जुनी वही होती. रामीने तिचं मागचं पान काढून दिलं. दगडावर बसून सुशीलने लिहिलं. अकरा तारखा एकाखाली एक लिहिल्या, पुढे प्रत्येक वेळचा शेरा जसाच्या तसा, आणि खाली आपलं पूर्ण नाव, पत्ता, सही. शेवटचा शेरा लिहिताना त्याचा हात थांबला. रामीला वाचता येत नव्हतं. तिने विचारलं, "हितं काय लिवलंय तिनं?"

त्याने वाचून दाखवलं. कोणी वाचतं का.

रामीने पान हातात घेतलं आणि त्या ओळीवरून बोट फिरवलं. "मला सांगितला नाय तिनं," ती म्हणाली. "मला म्हणायची, तोच शेरा लिवलाय, चल."

खोरपाड्याच्या वरच्या रस्त्यापर्यंत टँकर येऊ लागला. पावसाआधी तो पाच वेळा आला. रामीने फोन ग्रामपंचायतीत परत दिला. जूनमध्ये सुशीलने नोकरी सोडली. चैतन्यने त्याला बरंच समजावलं, शेवटी शुभेच्छाही दिल्या. ते काम पुढे आणखी दोन तालुक्यांत गेलं. तिथे पाडे पहिल्यापासून होते, असं सुशीलच्या कानावर आलं.

जुलैच्या मध्यावर तो पुन्हा खाली उतरला. कशासाठी, हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं. खोरपाड्याच्या उतारावर नाचणीची लावणी चालली होती. एका टोकाला माघ्या रोपं टाकत होता, दुसऱ्या टोकाला रामी वाकून लावत होती. कमलेश बैलांमागे होता. सुशील बांधावर येऊन उभा राहिला तशी रामी सरळ झाली. चिखलाचे हात तसेच बाजूला धरून ती त्याच्याकडे बघत राहिली.

"माघ्या काल बोलला," ती म्हणाली. "वयनी, रोपं कमी पडतील, म्हणाला. दोन महिन्यांनी."

"बरं झालं, ताई."

"बरंच झालं." तिने मान खाली घातली. "पन ती असती ना दादा, तर ही रोपांची वळ आतापावत झाली असती. तिचा हात लय चालायचा. मी एकली मागं पडते."

एवढं बोलून ती रडू लागली. हात चिखलाचे होते म्हणून तिला डोळे पुसता येईनात. माघ्या लांबून बघत होता, पण जवळ आला नाही. थोड्या वेळाने ती वाकली आणि पुढचं रोप लावू लागली. तिने सुशीलला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. तो तिथेच उभा राहिला. मग त्याने चपला बांधावर काढल्या, शेताच्या कडेची रोपांची एक मूठ उचलली आणि तिच्यापासून चार हात दूर, तिच्या ओळीला ओळ धरून, वाकला. त्याला लावता येत नव्हतं. त्याने लावलेली पहिली चार रोपं आडवी पडली. रामीने मागे वळून ती सरळ केली आणि पुढे गेली.